पगार १० टक्क्यांनी वाढला, तरी बचत घटली कशी? समजून घ्या टक्केवारीचे गणित

पोलीस भरती, बँक, एमपीएससी अशा परीक्षांमध्ये उत्पन्न, खर्च आणि बचतीवरची गणिते विचारली जातात. घरचे बजेटही याच गणितावर चालते.

उरलेल्या रकमेचे टक्के

एका व्यक्तीने उत्पन्नाचे २० टक्के घरभाड्यावर, उरलेल्या रकमेचे २५ टक्के किराण्यावर आणि त्यानंतर उरलेल्या रकमेचे ५० टक्के मुलांच्या फीवर खर्च केले. शिल्लक राहिले १२,००० रुपये. तर उत्पन्न किती?

अनेक जण तिन्ही टक्क्यांची बेरीज करतात. खर्च ९५ टक्के धरला की उत्पन्न २,४०,००० रुपये येते. हे उत्तर चूक आहे, कारण प्रत्येक टक्केवारी वेगळ्या रकमेवर आहे.

उत्पन्न १०० माना. भाडे दिल्यावर ८०, किराणा भरल्यावर ६० आणि फी भरल्यावर ३० उरतात. ३० म्हणजे १२,००० रुपये, तर १०० म्हणजे ४०,००० रुपये.

पगारवाढ झाली, बचत घटली

समजा, पगार ४०,०००, खर्च ३२,००० आणि बचत ८,००० रुपये आहे. पगार १० टक्क्यांनी वाढून ४४,००० झाला. खर्च १५ टक्क्यांनी वाढून ३६,८०० झाला. आता बचत ७,२०० रुपये, म्हणजे १० टक्क्यांनी कमी. या घराचा खर्च १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढला, की बचतीला कात्री लागते.

लक्षात ठेवा

टक्के दिसले की आधी पाहा, ते कोणत्या रकमेचे आहेत. बेरीज-वजाबाकी त्यानंतर.