कार्बोरेटरचं घराणं : वाटी नसलेला पाहुणा

मलकापूरच्या एका वाचकमित्राचे फोटो आले आणि ते पाहिल्यावर दुसरं काही लिहिणं मला जमेना. भंगारातून किलोच्या भावानं घेतलेला कार्बोरेटर. ‘मिकुनी दिसतोय, पण खाली वाटीच नाही. यामाहा आरएक्स-100 ला बसेल का?’

वाटी नाही म्हणजे तिच्यात तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट नाही. मग ते काम करतं कोण? ज्यांनी धुऱ्यावरचं गवत कापायचा ग्रास कटर कधी उघडलाय, त्यांना उत्तर ठाऊक असेल : रबरी पडदा. यंत्र आडवं झालं, उलटं झालं, तरी पडद्याला फरक पडत नाही. फोटोतला कार्बोरेटर याच जातीचा, फक्त आकारानं राक्षस. ही मिकुनीची ‘सुपर बीएन’ मालिका. पाण्यावर पळणाऱ्या जेट स्कीची. लाटेवर उडणाऱ्या, वळणावर कलंडणाऱ्या यंत्रात फ्लोट टिकणार तरी कसा?

बाजूला जी रिकामी नळी दिसते, ती पेट्रोलची नव्हे. ती इंजिनच्या क्रँककेसला जोडतात. दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली-वर होताना क्रँककेसमधला दाब सतत वाढतो-उतरतो. त्या ठोक्यांवर कार्बोरेटरच्या पोटातला छोटा पंप चालतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. वेगळा पंप लागत नाही. मला विचाराल तर कार्बोरेटरच्या सगळ्या घराण्यातली ही सर्वांत देखणी युक्ती.

आता ओळख पटवायची. मी व्हर्नियर लावायला सांगितलं. बटरफ्लायच्या, म्हणजे गळ्यातल्या हवेच्या फिरत्या झडपेच्या, जागी भरले 44 मिमी. सुपर बीएन 38, 44, 46 अशा मापांत येतात, तेव्हा जात ठरली. यामाहाच्या 701 सीसी सुपरजेटला कारखान्यातून 38 चे दोन असत. तिच्यावर 44 आला की समजायचं, मालकाला वेगाचा किडा चावलाय.

पण खरी गंमत पुढे. कारखान्यातून निघताना गळ्याचा मधला भाग बटरफ्लायपेक्षा बराच अरुंद असतो. इथे तो जवळजवळ तेवढाच रुंद, आणि आत लेथच्या बारीक गोल रेघा. चोकची पट्टी गायब. तिच्या दांड्याची भोकं पांढरट मसाल्यानं बुजवलेली. त्याऐवजी गळ्यात डोकावणारी एक बारीक पितळी नळी : प्रायमर, म्हणजे थंड इंजिनला हातानं पेट्रोलची पिचकारी. बटरफ्लायचा दांडाही कानशीनं चपटा केलेला, हवेला तेवढाच अडथळा कमी. अंग मिकुनीचं, पण काम कुणा रेसिंगवाल्याचं. ते कोणाचं, हे फोटोवरून सांगणारा माणूस थापा मारतो. अंगावर कोरलेलं नाव किंवा खूण सापडली तरच बोलावं.

जेटवरच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावरच्या, आकड्यावरही विसंबू नका. अस्सल मिकुनी जेटवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. पण रेसिंगवाले जेटच ड्रिल करतात, मग आकडा जुना आणि भोक नवं. त्यापेक्षा पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईच्या तरफेखालची स्प्रिंग बोलकी. ती 65, 80, 95 किंवा 115 ग्रॅमची येते. सुईची बैठक 1.5, 2.0, 2.3 मिमी अशी. दोन्ही मिळून सुई किती दाबाला उघडणार ते ठरतं, आणि आधीच्या मालकानं कार्बोरेटर कोणत्या इंजिनसाठी जमवला होता याचा माग तिथेच लागतो. गेज असलेल्या हातपंपानं हवा भरून पाहा. सुई मात्र आधी पेट्रोलनं ओली करा, कोरडी सुई आकडा चुकवते.

आता आरएक्सचं. नाही बसणार. 98 सीसीच्या इंजिनला मूळचा 20 मिमीचा गळा पुरतो. 44 च्या गळ्यातून त्याचा श्वास इतका मंद जाईल, की पेट्रोल वर ओढलंच जाणार नाही. शिवाय ठोक्याच्या नळीसाठी क्रँककेसला भोक पाडावं लागेल. आज आरएक्सला जी किंमत येते, ती पाहता हे पाप कुणी करू नये.

विकायचा असेल तर मालवण-गोव्याकडे चौकशी करा. तोवर पडद्यांवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारू नका; रबर फुगतं, आणि फुगलेला पडदा पुन्हा कामाचा राहत नाही.