घरात आहे त्यातून

भाजी संपलेली आणि बाजार उद्यावर, अशा वेळी मराठी स्वयंपाकघरात हात जातो तो पिठाच्या डब्याकडे. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, कांदा, मिरची आणि पळीभर तेल एवढ्यावर दहा-पंधरा मिनिटांत पिठलं होतं. पाणी कमी घातलं तर झुणका, आणि त्याच पिठाचे गोळे उकळत्या रश्श्यात सोडले तर गोळ्यांची आमटी. विदर्भात पीठ शिजवून थापतात, वड्या पाडतात आणि झणझणीत रश्श्यात घालून पाटवडी रस्सा करतात. खानदेशाने आणखी जवळची वाट काढली: काळ्या मसाल्याच्या रश्श्यात जाडी तिखट शेव टाकली की शेवभाजी तयार. आज ढाब्यावर ती हौसेने मागवली जाते.

ही ऐनवेळची तरतूद दिसते तितकी ऐनवेळची नसते. तिच्यामागे उन्हाळ्यात केलेली बेगमी असते. सांडगे, कुरडया, वाळवलेल्या गवारी, भाजणी, मेतकूट हे सगळं पावसाळ्यात भाज्या मिळेनाशा होतील हे धरूनच केलेलं असे. मराठवाड्यातला येसर हा तर आयता रस्साच. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ पाण्यात कालवून फोडणीत उकळलं की आमटी होते. दाटपणा आणि चव दोन्ही त्या एकाच पिठातून येतात. डबे भरलेले असले तरच सुगरणीची हुशारी चालते, हे कौतुकाच्या भरात विसरलं जातं.

दुसरी गरज असते ती जिन्नस पदार्थात नेमकं काय करतो हे ओळखण्याची. आमटीला आंबटपणा हवा. तो देशावर चिंचेचा, कोकणात आमसुलाचा, चैत्रात कैरीचा आणि काहीच नसेल तर ताकाचा. रस्सा मिळून यायला दाण्याचं कूट, तिळाचं कूट, सुकं खोबरं किंवा चमचाभर ज्वारीचं पीठही चालतं. चव बदलते, पण पदार्थ बिघडत नाही. मात्र प्रत्येक अदलाबदल जमत नाही. गव्हाच्या पिठाला मळल्यावर ग्लुटेनमुळे चिकटपणा येतो. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी घालतात; त्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि गोळा बांधला जातो. नुसत्या ज्वारीच्या पिठाची पोळी लाटायला जाणाऱ्याला पोळपाटावर तुकडेच मिळतात.

कढीचं उदाहरण घ्या. ताक फार आंबट झालं की ते प्यायला नको वाटतं, पण कढीला उत्तम. नुसतं तापवलं तर मात्र ते फुटतं, कारण उष्णतेने त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी वेगळं पडतं. बेसन लावलं की पिठातला स्टार्च फुगून प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कढी सतत ढवळायची आणि खळखळून उकळू द्यायची नाही, हा घरोघरचा दंडक त्यासाठीच आहे. त्याच आंबट ताकात तांदळाचं पीठ कालवून आलं, लसूण, मिरचीच्या फोडणीत शिजवलं की उकड होते. वरून कच्चं तेल हवंच.

शिळ्या अन्नाचं गणितही स्टार्चचंच. गरम भातात फुगलेले स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा घट्ट रचले जातात, म्हणून आदल्या दिवशीचा भात कोरडा आणि मोकळा होतो. फोडणीच्या भाताला असाच भात लागतो. ताज्या भाताचा गिचका होतो. पोळीही याच कारणाने कडक होते. फोडणीच्या पोळीसाठी ती हाताने चुरतात, फार बारीक नाही. तेलात मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची आणि भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की चुरा, मीठ, चिमूटभर साखर. मग पाण्याचा किंवा ताकाचा हबका मारून झाकण ठेवायचं. त्या वाफेने स्टार्च पुन्हा मऊ होतो. हबका जास्त झाला तर लगदा, आणि मारलाच नाही तर चिवडा. काही घरांत या कुस्कऱ्याला माणिकपैंजण असं भारदस्त नाव आहे.

वरणफळं किंवा चकोल्या ही सोय तर एका पातेल्यात पूर्ण जेवण देते: उरलेलं वरण पातळ करून उकळायचं आणि त्यात कणकेच्या लाटीचे काप सोडायचे. पुरणासाठी डाळ शिजवल्यावर निथळलेलं पाणी म्हणजे कट. गोडा मसाला, चिंच, गूळ घालून त्याची आमटी होते आणि अनेकांना ती पुरणपोळीपेक्षा प्यारी असते. शिजवलेल्या मुगाच्या पाण्याचं ताक घालून कळण करतात. दोडक्याच्या शिरा तीळ-खोबऱ्याबरोबर परतून चटणी होते. तूप कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी साखर घालून मुलं खातात. कोकणात फणस संपला तरी त्याच्या आठळ्या साठवून पावसाळाभर भाजीत पडतात. गोव्यात आदल्या दिवशीचं हुमण मंद आचेवर आटवून दाट करतात आणि सकाळी पावाबरोबर खातात.

अर्थात, काटकसर ही ज्यांच्या घरात काही उरतं त्यांची गोष्ट. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो कुटुंबांकडे उरवायलाच काही नव्हतं. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी नीट जमत नसे, तरी ती थापली गेली. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहिलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या, जनावराच्या रक्ताची रक्ती, अशा पदार्थांची त्यात नोंद आहे. पाककृतींच्या रूढ पुस्तकांनी त्यांची दखल घेतली नव्हती. साठवण आणि नासाडी टाळणं यात ही स्वयंपाकघरं कुणाच्याही मागे नव्हती.

काय वाचवू नये, याचेही काही नियम आहेत. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास उबेत राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि उलट्या घडवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात उरणार असं दिसलं की पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. तापवताना फुटलेल्या दुधाचा कलाकंद होतो, पण दुधाला कडवट वास किंवा तार आली असेल तर ते मोरीतच ओतावं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते भाजल्याने पुरतं नष्ट होत नाही. हिरव्या पडलेल्या बटाट्यातलं सोलानिनही शिजवून जात नाही. तळणीच्या तेलाबाबत हॉटेलांसाठी २०१८पासून नियम आहे: ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की तेल वापरायचं नाही. घरी मोजण्याची सोय नसते. तिथे रंग, वास आणि धूर यांवरून ठरवावं लागतं. एकदा तळून उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवणं बरं. काळपट, चिकट झालेलं तेल मात्र काढून टाकावं.