चाकांवरचं घर, वाड्यासारखा शेजार: अमेरिकेतील निवृत्त जोडप्यांचा 'आरव्ही पार्क'मधला उन्हाळा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असल्याने मे-जूनमध्ये तिकडे जाऊन पाच-सहा महिने राहून येणारे आई-वडील बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता नवीन राहिलेले नाहीत. परत आल्यावर अनेकांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येते. घर मोठं, सोयी सगळ्या, पण मुलं कामावर गेली की दिवस खायला उठतो. त्याच देशात, त्याच उन्हाळ्यात, त्याच वयाची कितीतरी अमेरिकन जोडपी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत कशात ना कशात गुंतलेली असतात. ती राहतात गाडीत, आणि गाडी उभी असते आरव्ही पार्कमध्ये. ही व्यवस्था नेमकी चालते कशी आणि तिचा खर्च कुठे बसतो, ते पाहू.

आरव्ही पार्क म्हणजे काय?

आरव्ही म्हणजे 'रिक्रिएशनल व्हेईकल'. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, संडास-न्हाणीघर असं सगळं असलेली गाडी. यात ढोबळ दोन प्रकार. स्वतःचं इंजिन असलेलं, बससारखं दिसणारं 'मोटरहोम' आणि दुसऱ्या गाडीने ओढून न्यायचा ट्रेलर. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासचा परिसर या गाड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे.

आरव्ही पार्कमध्ये ही गाडी उभी करायला जागा भाड्याने मिळते. नुसती जागा नव्हे, तर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणीही. वीज साधारण ३० किंवा ५० अँपिअरची. ३० अँपिअरवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडायची शक्यता असते. गाडीच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची 'ग्रे' आणि संडासाची 'ब्लॅक'. ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि मैला आत साचून घट्ट बसतो. म्हणून टाकी भरत आली की आधी ब्लॅक, मग ग्रे सोडायची, म्हणजे मागून आलेल्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. हे काम ज्याचं त्याने करायचं, त्याला नोकर नाही.

या धंद्यातली मोठी साखळी म्हणजे 'केओए'. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे तिची सुरुवात झाली. आज अमेरिका आणि कॅनडात मिळून तिची ५०० हून अधिक ठिकाणं आहेत.

दिवस कसा जातो?

अमेरिकेतला उन्हाळी हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे 'मेमोरियल डे'ला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, 'लेबर डे'ला संपतो. हिवाळा ॲरिझोना, टेक्सास किंवा फ्लोरिडात काढलेली निवृत्त जोडपी ऊन वाढू लागलं की उत्तरेकडे सरकतात. मिशिगन, मिनेसोटा, मोंटानाच्या तळ्याकाठच्या पार्कात तीन-चार महिने मुक्काम.

सकाळी ऊन चढायच्या आत पिकलबॉल. टेनिस, बॅडमिंटन आणि टेबल टेनिसचं मिश्रण असलेला हा खेळ १९६५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जन्मला. मैदान लहान, पळापळ बेताची, त्यामुळे ज्येष्ठांमध्ये तो चांगलाच रुजला. मग पोहणं किंवा पाण्यातला व्यायाम, मासेमारी, सायकल. दुपारी पत्त्यांचा डाव नाहीतर विणकाम. संध्याकाळी प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवण, त्याला 'पॉटलक' म्हणतात. रात्री शेकोटी. आणि दहाच्या सुमारास शांततेची वेळ लागू झाली की सगळं चिडीचूप.

यात गंमत अशी की गाडी आतून लहान असते, तेच पथ्यावर पडतं. आत बसून करणार काय? माणसं खुर्ची बाहेर टाकतात. बाहेर बसलं की जाणारा-येणारा थांबतो, बोलतो. आपल्याकडे वाड्याच्या कट्ट्यावर जे आपोआप घडायचं, तेच इथे घडतं. मोठ्या बंगल्यांच्या वसाहतीत, जिथे कारशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही, तिथे ते घडत नाही.

काम करा, जागा घ्या

बरीच जोडपी उन्हाळाभर पार्कातच काम करतात. नव्याने आलेल्यांना जागा दाखवणं, शेकोटीचे खड्डे साफ करणं, नोंदवही सांभाळणं. सरकारी उद्यानांत यांना 'कॅम्प होस्ट' म्हणतात. आठवड्याला ठरलेले तास काम आणि बदल्यात जोडणीसह जागा फुकट, असा साधारण व्यवहार. खासगी पार्कात वर थोडा पगारही मिळू शकतो.

याची दुसरी बाजूही आहे. हौस म्हणून काम करणाऱ्यांच्या शेजारीच घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहणारे, आणि पोटासाठी हंगामी काम करणारे ज्येष्ठही असतात. जेसिका ब्रूडर यांचं २०१७ मधलं 'नोमॅडलँड' हे पुस्तक याच लोकांवर आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. लांबून पाहिलं तर दोघांचा उन्हाळा सारखाच दिसतो. फरक एवढाच, की एकाला मनात येईल तेव्हा काम सोडता येतं, दुसऱ्याला येत नाही.

हिशेब काय सांगतो?

हिशेबाच्या भाषेत आरव्ही हे घर नाही, वाहन आहे. घराची किंमत साधारण वाढते, वाहनाची दरवर्षी घसरते. नवं मोठं मोटरहोम लाख डॉलरच्याही वर जातं आणि गॅलनला सहा ते दहा मैल, म्हणजे लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर चालतं. म्हणूनच जाणकार जोडपी फिरतात कमी आणि एका जागी थांबतात जास्त. जागेचं भाडं रोजाने महाग, महिन्याने बरंच स्वस्त. मात्र महिन्याच्या भाड्यात वीज बहुधा धरलेली नसते, मीटरप्रमाणे वेगळी भरावी लागते. दहा वर्षांहून जुनी गाडी आत घ्यायला काही पार्क नकार देतात, तोही खर्च मनात धरावा लागतो.

तब्येत बिघडली तर?

खरा प्रश्न हा. अमेरिकेत ६५ व्या वर्षी 'मेडिकेअर' हा सरकारी आरोग्य विमा लागू होतो. मूळ मेडिकेअर देशभर, ती स्वीकारणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे चालते. खासगी कंपन्यांच्या 'मेडिकेअर ॲडव्हांटेज' योजनांत मात्र बहुतेकदा ठरावीक भागातलेच दवाखाने असतात. सतत फिरणाऱ्यांना हा फरक महागात पडू शकतो.

दुसरी अडचण गाडी चालवण्याची. दोघांपैकी एकालाच एवढी मोठी गाडी हाकता येत असेल आणि त्याचीच नजर अधू झाली, तर घर जागेवरच अडकतं. १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीधारकांच्या संघटनेने यावर एक वाट काढली. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे त्यांच्या पार्कालगत असं केंद्र आहे, जिथे थकलेले सभासद आपल्याच गाडीत राहतात आणि जेवण, ने-आण, दिवसाची देखभाल तिथे मिळते. फिरणं थांबलं, पण शेजार सुटला नाही.

इथून जाणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावं?

पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना तिकडे काम करता येत नाही. फुकट जागेच्या बदल्यात केलेलं कामही मोबदल्याचंच धरलं जाऊ शकतं, त्यामुळे 'कॅम्प होस्ट' होण्याच्या भानगडीत पडू नये. राष्ट्रीय उद्यानांचा ६२ वर्षांवरील ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा पास फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो. मात्र मुलांच्या सुट्टीत भाड्याची आरव्ही घेऊन आठवडाभर पार्कात राहायला कुणाची आडकाठी नाही. प्रवासी वैद्यकीय विमा तेवढा आधी उतरवावा. यलोस्टोनमध्ये जायचं असेल तर तिन्ही जोडण्या असलेलं एकच ठिकाण आहे, फिशिंग ब्रिज. अस्वलांमुळे तिथे तंबूला परवानगी नाही, आणि हंगामातल्या जागा खूप आधी भरतात.

आपल्याकडेही महाराष्ट्र आणि केरळने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली. पण ती पर्यटकांसाठी, दोन-चार दिवसांच्या सहलीसाठी आहेत. निवृत्त माणसाला महिनाभर परवडेल असं भाडं, हाताला थोडं काम आणि बाहेर खुर्ची टाकली की बोलायला कुणीतरी, या तीन गोष्टी जमल्या की उन्हाळा भरून जातो. त्यासाठी चाकं लागतातच असं नाही. गल्लीतला कट्टा शाबूत असेल, तर निम्मं काम तिथेच झालेलं असतं.