रोगाची पाठवणी

गावात पटकीने एकामागून एक माणसे जाऊ लागली की चावडीवर जी बैठक भरत असे, तिच्यापुढे हा रोग कोणता आणि तो कशाने झाला हा प्रश्न क्वचितच येई. मरीआई कोपली आहे हे सर्वांना मान्यच असे, आणि पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांना खल करावयाचा तो एवढाच, की तिला शिवेपार कशी पोचवावी. घरटी वर्गणीचा तगादा लागे, सुतार लहानसा गाडा घडवी, त्यावर देवीची स्थापना होऊन तिला हिरवा चुडा, खण, हळदकुंकू, लिंबू, नारळ आणि दहीभाताचा नैवेद्य अर्पण केला जाई, आणि मग हलगीच्या गजरात, पोतराजाच्या आसुडाच्या कडकडाटात, तो गाडा गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडला की मंडळी मागे वळून न पाहता घरी परतत.

या विधीला आपण अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, आणि रोगनिवारणाच्या दृष्टीने ती अंधश्रद्धाच होती याविषयी मला शंका नाही. परंतु त्यातील भाव नीट न्याहाळला तर तेथे द्वेषापेक्षा आर्जव अधिक दिसते. माहेरवाशिणीची ओटी भरून तिची पाठवणी करावी, त्याच रीतीने ज्या देवीने घरातली कर्ती माणसे नेली तिचीही ओटी भरून बोळवण होत असे. देवीच्या रोगात तर हा अदब भाषेतच मुरला होता. फोड उठले असे न म्हणता ‘देवी आल्या’ असे म्हणावयाचे, रोग्याला कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालावयाचा, घरात फोडणी द्यावयाची नाही, आणि देवी उतरेपर्यंत पाहुणीचा मान राखावा तसा त्या आजाराचा मान राखावयाचा. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली आणि या देशात लसीकरणाचा आरंभ झाला. त्यानंतर मराठीने त्या परक्या विद्येला नावसुद्धा देवीचेच दिले. लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’, आणि ती टोचीत गावोगाव फिरणारा सरकारी नोकर म्हणजे ‘देवी डॉक्टर’. लोकांनी श्रद्धा टाकून लस घेतली असे सर्वत्र झाले नाही; पुष्कळांनी श्रद्धेच्या शब्दातच लस सामावून घेतली, आणि हा समंजसपणा मला फार मोलाचा वाटतो.

पटकीचे तसे झाले नाही, कारण ती अकस्मात आणि अफाट आली. १८१७ च्या ऑगस्टात बंगालमधील जेसोर येथे भडकलेली साथ नोव्हेंबरपर्यंत बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि पेंढाऱ्यांवर निघालेल्या त्या फौजेतील सैनिक आणि बाजारबुणगे हजारोंनी मेले. तिकडच्या रयतेने याची जी उपपत्ती लावली ती स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे नोंदवून ठेवली आहे. ओरछ्याच्या राजघराण्यातील हरदौल, ज्याला भावाच्या संशयापायी विष घ्यावे लागले, त्याच्या समाधीच्या राईत गोऱ्या पलटणीसाठी गाय कापली गेली, आणि त्या पापाचे हे प्रायश्चित्त, अशी ती समजूत. पुढे हरदौलाचे ओटे उत्तरेत दूरदूरच्या गावी उभे राहिले. साथ ही कोणाच्या तरी अपराधाची फलश्रुती असलीच पाहिजे, हा आग्रह अशा काळी माणसाला सोडवत नाही. कारणाविना मरण येते हे मान्य करण्यापेक्षा आपल्याच हातून पाप घडले हे मान्य करणे त्याला सोपे जाते.

पण गाड्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्याविषयीचा खरा प्रश्न अद्याप विचारलाच नाही. गाडा ओढीत कोण असे? मरीआईचे ठाणे बहुधा महारवाड्याशी निगडित असे, तिची सेवा महारांकडे आणि पोतराजकी मांगांकडे असे. गावाची शीव राखणे आणि हद्दीच्या तंट्यात साक्ष देणे ही महाराचीच वतनी कामे असत. ज्याला एरवी वेशीच्या आत पाऊल टाकतानाही भय, त्याला साथीच्या दिवसांत सारे गाव हात जोडी; आणि ज्या रोगाला कोणी शिवू इच्छीत नसे त्याचे जू त्याच्या मानेवर ठेवी. साथ ओसरली की तो मान ओसरे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर अनेकांनी मरीआईची ही सेवा वतनी कामांबरोबर सोडून दिली, तेव्हा त्यांनी केवळ एका दैवताचा त्याग केला नाही.

शिवेपलीकडे जे गाव असे त्याची कैफियतही ऐकली पाहिजे. आपल्या हद्दीत सोडलेला गाडा पाहून तेथील लोक भयभीत होत, तंटे होत, आणि शेवटी तोच गाडा पुढच्या शिवेकडे ढकलला जाई. विज्ञानाच्या कसोटीवर पाहिले तर त्या दिवसांत परगावच्या माणसाला मज्जाव करण्याचा जो शिरस्ता पुष्कळ ठिकाणी असे त्याने थोडेफार रक्षण होत असेल. परंतु रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात ज्या जंतूची पक्की ओळख पटवली तो वसे दूषित पाण्यात, आणि गाडा कितीही दूर नेला तरी विहीर गावातच राही.

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील अनेक खेड्यांनी बाभळीच्या काट्या आणि दगडधोंडे टाकून रस्ते अडवले, आणि मुंबई-पुण्याहून चालत आलेल्या स्वतःच्याच लेकरांना शिवेवरच्या शाळेत ठेवले, तेव्हा तो जुना शिरस्ताच जागा झाला होता. त्याच वर्षी बिहार आणि उत्तर प्रदेशात स्त्रियांनी ‘कोरोना माई’ला लाडू आणि लवंगा वाहिल्या, कोठे गोमूत्र प्राशनाचे समारंभ झाले, पुढच्या वर्षी प्राणवायूचा तुटवडा पडला तेव्हा कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो असा संदेश घरोघर फिरला. ती हुंगणाऱ्या माणसाला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. रुग्णालयात खाट नाही आणि नळकांडे मिळत नाही अशा रात्री काहीतरी करीत राहणे हाच त्याचा आधार होता. दोष आहे तो त्या आधाराला औषध म्हणून खपविणाऱ्यांचा.

लोकांचे सर्वच उपाय निष्फळ होते असेही नाही. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, काळात घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधावयाच्या, ही वहिवाट अनेक ठिकाणी होती. उंदरांवरील पिसवा हा रोग माणसाला देतात हे पॉल-लुई सिमाँने कराचीत १८९८ साली दाखविले, त्याआधीच उंदीर मरणे ही पूर्वसूचना आहे हे शेतकऱ्याने अनुभवाने ओळखले होते. मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत आजही काही वर्षांच्या अंतराने गुराढोरांसह सारे गाव तीन दिवस शिवेबाहेर राहते. त्या गावपळणीत देवाचा कौल असतो, कथा असतात. पण सारी वस्ती मोकळी करावयाची ही कल्पना कोण्या जुन्या साथीच्या आठवणीतून आली असावी, असे मला पुन्हा पुन्हा वाटते.

मुंबईत मात्र माळ नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. वांद्र्याच्या गल्ल्यांतून ख्रिस्ती रहिवाशांनी क्रूस उभारले, त्यांतील कित्येक आजही फुलांनी सजतात. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगची मोमियाई काढतात ही अफवा गिरणगावात पसरली, आणि ऑक्टोबरात कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडवरील इस्पितळावर चालून गेला. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याने ती रागावली असून तिने प्रजेची काळजे मागितली आहेत, अशीही वदंता होती. या अफवा खुळ्या खऱ्या. पण ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने ज्यांच्या घरात शिपाई शिरले, देवघरे तुडवली गेली, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, त्यांनी सरकारच्या औषधावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावयाचा होता? जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. विश्वास संपादन करण्याचा तो मार्ग शिपायांच्या बंदोबस्ताहून अधिक जवळचा होता.

त्याच हिवाळ्यात पुण्यात साथ शिगेला पोचली असता, हडपसरजवळील ससाणे मळ्यात यशवंत फुले यांनी लष्करी नोकरीतून रजा घेऊन दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा गाठ येऊन पडला आहे असे कळताच त्यांच्या आई सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन मळ्याकडे चालत निघाल्या. त्यांना स्वतःला गाठ आली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.