बोत्स्वानातील हत्तींची शिकार

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील बोत्स्वाना या देशात सुमारे १,३०,००० हत्ती असून अन्य कोणत्याही देशात इतके हत्ती नाहीत. इयान खामा राष्ट्राध्यक्ष असताना २०१४ साली तेथे शिकारबंदी लागू झाली. मोक्ग्वेत्सी मासिसी यांच्या सरकारने ती २०१९ मध्ये उठवली. परवान्याने होणारी शिकार वर्षाला काही शे हत्तींपुरतीच मर्यादित असते. त्यामुळे संख्या आटोक्यात आणण्याचा हा उपाय नव्हेच, हे या वादात बहुधा विसरले जाते. तिचे खरे प्रयोजन उत्पन्न हे आहे. परदेशी शिकाऱ्यांनी भरलेल्या शुल्कातील वाटा स्थानिक वस्त्यांना मिळतो. ज्याचे ज्वारीचे उभे पीक हत्ती एका रात्रीत तुडवतात, त्या शेतकऱ्याने ते का सोसावे, या प्रश्नाचे सरकारपाशी हेच उत्तर आहे. मोठ्या सुळ्यांचे वयस्क नर टिपले गेल्यास तरुण नरांना वळण लावणारे वडीलधारे हरपतात, हा विरोधकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.