उसना अग्रक्रम

संगणकातल्या कामांचे अग्रक्रम ती चालू असतानाच का बदलावे लागतात, हे औंधच्या श्रोत्यांना मी यात्रेच्या उदाहरणाने सांगतो. समजा, अरुंद वाटेत बैलगाडी आहे, समोरच्या एसट्या तिला हलू देत नाहीत आणि मागे रुग्णवाहिका खोळंबली आहे. आधी वाट कोणाला द्याल? बैलगाडीलाच!

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या संगणकात असेच झाले. हवामानाच्या दुय्यम कामाने सामायिक माहितीचे कुलूप धरले, मधल्या कामांनी त्याला थांबवले, त्या कुलपापायी तातडीचे काम अडले आणि संगणक पुन्हापुन्हा नव्याने सुरू होऊ लागला.

अभियंत्यांनी पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली: अडलेल्या कामाचा अग्रक्रम कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता उसना द्यायचा, कुलूप सुटताच परत घ्यायचा. मोठ्याचे काम लहानापाशी अडले, तर लहानालाच आधी वाट द्यावी.