वळूच्या शिराचे मालक

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर समुद्राकाठच्या कातळावर डनव्हेगनचा किल्ला उभा आहे. मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखांचं हे पिढ्यानपिढ्यांचं घर. वळूच्या शिराचा बिल्ला छातीवर लावून जगभरचे मॅक्लाउड इथं येतात आणि तेच आपल्या कुळाचं चिन्ह समजतात. पण स्कॉटिश कायद्यात कुळाला मानचिन्ह नसतंच. ते एकट्या प्रमुखाचं, जमीनजुमल्यासारखं खासगी. एडिंबरामध्ये ‘लॉर्ड लायन’ या अधिकाऱ्याच्या दप्तरी १६७२ पासून चिन्हांची नोंदवही आहे, आणि दुसऱ्याचं चिन्ह बळकावणाऱ्यावर आजही तिथं खटला चालू शकतो. इतरांनी वळूचं शिर लावायचं ते पट्टा-बक्कलाच्या कड्यात, म्हणजे ‘मी याचा माणूस’. टोपीला गरुडाची तीन पिसं खोवायची ती प्रमुखानंच. ज्युनिपरची डहाळी मात्र सगळ्यांची, आपल्याकडच्या देवकासारखी. कुळागणिक ठरलेले टार्टनचे चौकडे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले, त्यांचं प्राचीनपण फार मनावर घेऊ नये.

वळूची कथा जुनी. तिसरा प्रमुख माल्कम रात्री ग्लेनेल्गहून परतत असता वळूनं वाट अडवली. त्यानं खंजिरानं तो मारला आणि शिंग मोडून आणलं. खरंखोटं कुणी तपासावं? शिंग किल्ल्यात आहे. वारसानं वयात आल्यावर ते वाइननं भरून एका दमात रिचवायचं, हा रिवाज. कुळाचं ब्रीद ‘घट्ट धर’. पिताना तोल सांभाळायलाही तेच उपयोगी. शेजारी परीनं दिलेलं म्हणून जपलेलं जीर्ण रेशमी निशाण आहे. जाणकारांच्या मते कापड पश्चिम आशियातलं.

तेविसावा प्रमुख नॉर्मन याला मानाबरोबर आजोबांचं कर्जही वारशात मिळालं. १७७३ मध्ये त्यानं इंग्रज साहित्यिक डॉक्टर जॉन्सनचा डनव्हेगनला पाहुणचार केला. पुढं पलटण घेऊन हिंदुस्थानात आला. एप्रिल १७८३ मध्ये मुंबईहून दक्षिणेला निघालेलं त्याचं ‘रेंजर’ जहाज विजयदुर्गच्या मराठी आरमारानं गाठलं. इंग्रज-मराठ्यांत सालबाईचा तह झालेला असूनही तुंबळ लढाई झाली. नॉर्मन जखमी झाला, पण वाचला. त्याच जहाजावर मॅकेंझी कुळाचा प्रमुख हंबरस्टन होता. तो लढाईतल्या जखमांनी विजयदुर्गलाच वारला. नॉर्मन मायदेशी परतून १७९० मध्ये पार्लमेंटात निवडून गेला.